तिसरा दिवस

मागच्या शनिवारी मार्वेहून फेरीबोटीने मनोरीला गेलो. किनाऱ्यावर बसल्यावर बायको म्हणाली, "आपलं तिसऱ्या दिवशीच का थांबलं रे?" उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो.

६ ऑगस्ट १९८६ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. (पहिला मान कोलकात्याच्या सुभाष मुखोपाध्यायांचा, १९७८चा, तो त्यांना मिळवून दिला पुढे आनंदकुमारांनीच. असा मोठेपणा विरळा!) पण मानवी भ्रूणाची स्वतःची जनुकं कधी चालू होतात, हे तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. १९८८मध्ये ब्रॉड, बोल्टन आणि मूर यांनी दाखवलं: चार ते आठ पेशींच्या दरम्यान, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी. तोवर कारभार मुख्यतः आईने बीजांडात भरून ठेवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर. आमच्या भाषेत बूटलोडर! मग भ्रूणाचा स्वतःचा कोड चालतो. पुढे पेशींच्या वाटा फुटतात. उंदरांत तरी सीडीएक्स२ची सरशी झाली तर वारेकडे, ओसीटी४ टिकलं तर बाळाकडे. बरीच भ्रूणं त्याआधीच, या हस्तांतरात अडखळतात.

रविवारी तिला कागदावर काढून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "म्हणजे माझं सामान तोवर पुरलं होतं."

"बहुतेक," मी म्हटलं. "पण नव्या कोडमध्ये निम्मा माझाही होता."