अग बूट : पायातून बाजारात गेलेले नाव

मराठी कानाला 'अग' हे बुटाचे नाव म्हणून ऐकताना थोडे हसू येते. आपल्याकडे ती माजघराच्या दिशेने टाकलेली हाक; ऑस्ट्रेलियात ते घरात वापरायचे पायताण. मेंढीचे कातडे लोकरीसकट कमवायचे, लोकरीची बाजू आत आणि कातड्याची बाजू बाहेर ठेवून त्याचा घोट्याच्या वर येणारा सैलसर बूट शिवायचा, खाली एक सपाट तळ लावायचा, की झाला अग बूट. ना नाडी, ना बंद, ना उंच टाच. आकार इतका ओबडधोबड की लहान मुलाने काढलेल्या चित्रातला बूट वाटावा.

गेली वीस-पंचवीस वर्षे पाश्चात्त्य नियतकालिकांतून या बुटाविषयी एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. ही फॅशन आहे की सोय? एक पक्ष म्हणतो, इतके बेढब पादत्राण मिरवणे ही अभिरुचीची दिवाळखोरी होय. दुसरा म्हणतो, पायाला ऊब मिळते, चालताना बोटे चेंगरत नाहीत, आणखी काय हवे? वाद मनोरंजक आहे खरा. पण या बुटाचा इतिहास पाहिला की तो भलत्याच ठिकाणी घातला जातो आहे असे वाटू लागते. सोय ही वस्तूच्या अंगभूत नसते. ती जागेशी बांधलेली असते. आणि वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी गेली, की तिच्या सौंदर्याबद्दल सगळे बोलतात, तिच्या नावाचे काय झाले हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

प्रथम सोयीचा विचार करू. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. म्हणून अनवाणी पाय या बुटात घातला तरी घामाने चिकचिकत नाही, आणि तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे ऊब टिकते. हे सारे आतल्या बाजूचे गुण झाले. बाहेरची बाजू म्हणजे मखमली पोताचे उघडे कातडे. पावसाचे पाणी ते पिऊन टाकते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग त्यावर कायमचे बसतात. थोडक्यात, थंडीसाठी उत्तम आणि थंडीच्या दिवसांतल्या रस्त्यासाठी निरुपयोगी, असा हा प्रकार आहे.

हा विरोधाभास जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात विमानाच्या चालकाची जागा उघडी असे. दहा-पंधरा हजार फुटांवर वाऱ्याच्या झोतात बसलेल्या वैमानिकांना हिमदंश होई. ब्रिटिश वैमानिक लेनो हॉकर याने आतून मेंढीची लोकर असलेले, मांडीपर्यंत येणारे बूट वापरात आणले. त्यांना 'फग बूट' असे नाव पडले. (हा हॉकर नोव्हेंबर १९१६ मध्ये मॅनफ्रेड फॉन रिख्टहोफेन या जर्मन वैमानिकाशी झालेल्या झुंजीत मारला गेला.) 'फग'चेच पुढे 'अग' झाले असे काहीजण मानतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही केवळ ध्वनिसाम्यावर उभी असलेली गोष्ट आहे, आणि ध्वनिसाम्यावर किती विसंबावे हे भाषेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच जातीच्या बुटांनी ब्रिटिश वैमानिकांची वेगळीच अडचण केली. हवाई छत्री उघडताना बसणाऱ्या हिसक्याने ते पायातून निसटत, आणि शत्रूच्या मुलुखात उतरलेल्या माणसाला त्यांत धड चालताही येत नसे. शिवाय त्यांवरून तो वैमानिक आहे हे लगेच ओळखू येई. म्हणून १९४३ साली एक नवा बूट काढण्यात आला. त्याचा पोटरीवरचा लोकरी भाग बुटातच लपवलेल्या लहानशा सुरीने कापून टाकला, की खाली साधा काळा जोडा उरे. सोय जागेशी बांधलेली असते ती अशी. आकाशात जे प्राण राखी, तेच जमिनीवर उतरताच जिवावर बेते.

ऑस्ट्रेलियात या बुटाचा जन्म नेमका कुठे झाला यावर एकमत नाही, आणि ते होण्याची गरजही नाही. १७९७ साली न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या मेरिनो मेंढ्या उतरल्या. १९७० च्या सुमारास त्या देशात सुमारे १८ कोटी मेंढ्या होत्या. माणसे सव्वा कोटीच्या आसपास. आपला देश मेंढीच्या पाठीवर बसून पुढे गेला, असे तिकडे म्हणण्याची रीत आहे. अशा देशात लोकरीसकट कातडे पायाला गुंडाळण्याची कल्पना एकाच माणसाला सुचली असेल हे संभवत नाही. लोकर कातरणारे मजूर, गुराखी, थंड खोऱ्यांतले शेतकरी यांपैकी कुणालाही ती सुचावी. पुढे दावेदार मात्र पुष्कळ झाले. फ्रँक मॉर्टेल हे कारखानदार सांगत, की १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी केलेला पहिला जोड पाहून पत्नी 'अग्ली', म्हणजे कुरूप, असे म्हणाली आणि तेच नाव चिकटले. शेन स्टेडमन या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या खेळाडूने १९७१ साली 'अघ-बूट्स' हे नाव ऑस्ट्रेलियात नोंदवले. कुरूपतेवरून नाव पडल्याची कथा खरी असो वा नसो, ती बोलकी आहे. या बुटाच्या मूळ गावी तो सुंदर आहे असा दावा कुणी कधी केलाच नव्हता.

उलट, त्याला तिकडे एक ठरलेली जागा होती. पहाटे थंडगार समुद्रातून बाहेर आलेले पोहणारे आणि लाटांवरचे खेळाडू ओल्या, काकडलेल्या पायांवर तो चढवीत. बाकीच्यांच्या लेखी तो घरातला, फार तर दारासमोरच्या अंगणातला. तो घालून दुकानात जाणारा माणूस गावंढळ समजला जाई. 'पायातली वहाण पायातच बरी' ही आपली म्हण तिकडे थोडा फरक करून म्हणता आली असती : घरातली वहाण घरातच बरी. आपली ही म्हण किती क्रूर आहे, ती वहाणेपेक्षा माणसांना आणि विशेषतः स्त्रियांना उद्देशून किती वापरली गेली, हा वेगळा विषय आहे. परंतु पादत्राणाला प्रत्येक समाज एक पायरी नेमून देतो एवढे तिच्यावरून समजते. घरात जोडे घालून वावरणे हे ज्यांना मुळातच अशुद्ध वाटते अशा आपणा लोकांना 'घरातला बूट' ही कल्पना पचायला थोडी जड जाते, पण पायरीची कल्पना पूर्ण परिचयाची आहे.

ही पायरी समुद्र ओलांडल्यावर बदलली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रायन स्मिथ नावाचा तरुण ऑस्ट्रेलियन असे काही बूट घेऊन कॅलिफोर्नियात आला. पहिल्या हंगामात जेमतेम २८ जोड खपले असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. सुरुवातीला त्याने देखण्या मॉडेलांची छायाचित्रे देऊन जाहिराती केल्या, त्या फसल्या. मग त्याने ओळखीचे, अजून नाव न झालेले तरुण खेळाडू नेहमीच्या किनाऱ्यांकडे चालत जाताना दाखवले, आणि विक्री वाढली. फॅशनचे शास्त्र शिकवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असा हा प्रसंग आहे. गिऱ्हाइकाला विकला गेला तो बूट नव्हे. तो ज्या जागेचा होता ती जागा, तो किनारा, ती पहाट विकली गेली. १९९५ साली स्मिथचा हा व्यवसाय डेकर्स या कॅलिफोर्नियातल्याच कंपनीने विकत घेतला.

पुढची कहाणी सर्वपरिचित म्हणावी अशी आहे. 'बेवॉच'मधील पामेला अँडरसनच्या पायांत हे बूट दिसले. २००० साली ओप्रा विन्फ्रीने आपल्या कार्यक्रमात त्यांची वाहवा केली. २००३-०४ पर्यंत तोकडा घागरा आणि खाली लोकरी बूट हा वेश लॉस एंजेलिसच्या भर उन्हात दिसू लागला. टीकाकार तुटून पडले ते येथे. उन्हाळ्यात लोकर कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पायांच्या काही तज्ज्ञांनीही इशारे दिले, की तळ सपाट आणि बाजू मऊ असल्याने टाचेला आधार मिळत नाही, पाऊल आत कलते. घरातल्या चार खोल्यांसाठी केलेल्या वस्तूकडून शहराच्या फरसबंदीवर दिवसभराची अपेक्षा केली, तर दुसरे काय होणार?

तरीही 'कुरूप' या शब्दामागची तुच्छता मला मान्य होत नाही. स्त्रियांच्या पादत्राणांचा युरोपीय इतिहास हा बऱ्याच अंशी पायाच्या छळाचा इतिहास आहे. उंच टाच मुळात इराणी घोडेस्वारांची होती. रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून ती असे, म्हणजे तीही सोयच. सतराव्या शतकात ती युरोपच्या दरबारांत शिरली, चौदाव्या लुईने ती लाल रंगवून मिरवली, आणि पुरुषांनी टाकून दिल्यावर स्त्रियांच्या पायाला कायमची चिकटली. घोडा केव्हाच निघून गेला, टाच उरली. ज्या समाजाने ती टाच सुंदर ठरवली, त्याच समाजातल्या मुलींनी एक दिवस पाय मोकळे सोडणारा, बेढब, उबदार बूट घालून रस्त्यावर यावे, याचा काही अर्थ असेल की नाही? फॅशनच्या नावाखाली का होईना, आराम प्रतिष्ठित झाला. त्याचे श्रेय या बुटाला देण्यात मला संकोच वाटत नाही.

मात्र त्या आरामाची किंमत कुणी मोजली याकडे आता वळले पाहिजे. २००३-०४ च्या सुमारास, मागणी शिगेला पोहोचली असताना, ऑस्ट्रेलियातील छोट्या कारखानदारांना डेकर्सच्या वकिलांची पत्रे येऊ लागली. 'अग' हे नाव आमचे आहे, ते वापरणे थांबवा. ज्यांच्या घरात दोन पिढ्या हे बूट शिवले जात होते त्यांना, आपण जे शिवतो त्याला काय म्हणायचे हा प्रश्न पडला. कल्पना करा, की उद्या कुणी येऊन 'घोंगडी' हा शब्द आपल्या मालकीचा असल्याचे सांगितले आणि धनगरांना ती 'लोकरी पांघरूण' या नावाने विकायला लावली. व्याकरणात विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचे प्रकार आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. 'डालडा' हे कंपनीचे नाव साऱ्या वनस्पती तुपाचे नाव झाले, हे नेहमीचे उदाहरण. येथे गंगा उलटी वाहिली. सामान्यनामाचे विशेषनाम झाले, आणि तेही न्यायालयाच्या शिक्क्यानिशी.

स्वदेशात ऑस्ट्रेलियन कारखानदार जिंकले. पर्थजवळच्या एका छोट्या व्यवसायाने दाद मागितली आणि जानेवारी २००६ मध्ये 'अघ-बूट्स'ची जुनी नोंद, ती वापरात नसल्याच्या कारणावरून, रद्द झाली. तेथे हा शब्द पुन्हा सर्वांचा झाला. पण शब्दाची हद्द देशाच्या हद्दीपाशी संपली. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन लेदर या कंपनीने अमेरिकेतील गिऱ्हाइकांना अगदी मोजके जोड विकले होते. त्यावरून तिच्यावर २०१६ साली शिकागोत खटला झाला. आमच्याकडे हा शब्द साऱ्या जातीचा वाचक आहे, हा बचाव तेथे टिकला नाही. ऑस्ट्रेलियन माणूस त्या शब्दाने काय समजतो हा प्रश्नच नाही, अमेरिकन ग्राहक काय समजतो एवढेच पाहायचे, असा न्यायालयाचा रोख होता. २०१९ साली ४,५०,००० डॉलरांची भरपाई ठरली. २०२१ मध्ये अपील फेटाळले गेले आणि त्या वर्षाअखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. यातली विसंगती बोचते. फ्रान्सच्या आग्रहाखातर ऑस्ट्रेलियन द्राक्षबागायतदारांनी आपल्या फेसाळ मद्याला 'शॅम्पेन' म्हणणे सोडले. युरोपीय संघाशी झालेला तो करार २०१० साली अमलात आला. नावाला गाव असते हे तत्त्व तेथे मान्य होते. मेंढीच्या कातड्याला असा कुणी फ्रान्स भेटला नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची धग अलीकडे जाणवली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून तिचे गाव ठरले. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाच्या पुरुष मॉडेलांच्या पायांत तशाच चपला दिसल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. दोन्ही प्रकरणे वरवर सारखी वाटतात, पण त्यांतला भेद मला महत्त्वाचा वाटतो. प्राडाने वस्तू उचलली आणि नाव मागे ठेवले. अग बुटाच्या बाबतीत वस्तू सर्वांना मोकळी राहिली आणि नाव उचलले गेले. पहिल्या प्रकारात आपण ओरडू शकलो, कारण ओरडायला नाव शिल्लक होते. आणि ते ओरडताना, पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावणाऱ्या आणि चपला शिवणाऱ्या हातांना याच महाराष्ट्राने कुठल्या पायरीवर उभे केले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरलो होतो, हेही नमूद करायला हवे.

डेकर्सच्या बुटांच्या नावात बरीच वर्षे 'ऑस्ट्रेलिया' हा शब्द मिरवत असे. बूट मात्र मुख्यतः चीनमध्ये तयार होत. २०१६ च्या सुमारास तो शब्द गळला. २०२४ च्या आर्थिक वर्षात या एका नावाखाली दोन अब्ज डॉलरांहून अधिक विक्री झाली. ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्ट भागात १९७४ पासून चालत आलेला एका कुटुंबाचा कारखाना आहे, नाव 'अग सिन्स १९७४'. डेकर्सशी झालेल्या तडजोडीनंतर २०२५ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडबाहेर त्याला 'सिन्स ७४' एवढेच नाव लावता येते. बूट तेच, कातडे तेच. परदेशी जाणाऱ्या जोडावर ते काय आहे हे सांगणारा शब्द तेवढा नसतो.