स्क्रीनकास्ट

स्क्रीनकास्ट म्हणजे संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घडणाऱ्या क्रियांचे, बहुधा निवेदनासह केलेले ध्वनिचित्रमुद्रण होय. संगणकप्रणालीचे प्रशिक्षण आणि नव्या उत्पादनाचे प्रात्यक्षिक यांसाठी त्याचा वापर होतो.

इतिहास

पडद्याचे मुद्रण करणारी लोटस स्क्रीनकॅमसारखी साधने १९९० च्या दशकात उपलब्ध झाली. ‘स्क्रीनकास्ट’ ही संज्ञा मात्र इ.स. २००४ पासून रूढ झाली. त्या वर्षी अमेरिकी तंत्रज्ञानविषयक लेखक जॉन युडेल यांनी वाचकांकडून नावे मागवून त्यांतून ती निवडली.

निर्मिती

मुद्रणापूर्वी संहिता लिहिली जाते. तिच्या एका रकान्यात पडद्यावरील क्रिया आणि दुसऱ्यात त्या वेळचे निवेदन असते. मुद्रणाच्या वेळी अक्षरांचा आकार वाढवतात, सूचनासंदेश बंद ठेवतात आणि खऱ्या खात्यांऐवजी नमुन्याची माहिती वापरतात. माउसचा बाण विनाकारण फिरवला जात नाही. निवेदनात ‘इथे टिचकी द्या’ असे न म्हणता बटणाचे किंवा मेनूचे नाव घेतले जाते. त्यामुळे दृष्टिहीन श्रोत्यालाही क्रिया समजते. आवाज आणि चित्र वेगवेगळे मुद्रित केल्यास एकातील चूक दुसऱ्याला धक्का न लावता सुधारता येते.

उत्पादनाच्या प्रात्यक्षिकात सर्व सुविधा मोजून दाखवण्याऐवजी वापरकर्त्याचे एखादे काम आरंभापासून शेवटपर्यंत पार पाडून दाखवणे अधिक परिणामकारक ठरते.

भारतीय भाषांतील उपयोग

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुख्यतः मुक्तस्रोत प्रणालींचे पाठ स्क्रीनकास्टच्या रूपात तयार केले जातात. साधारण दहा मिनिटांचा प्रत्येक पाठ शिक्षकाविना शिकता यावा, अशी त्याची रचना असते. विद्यार्थी पाठ आणि प्रणाली पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवून, पाठ मधूनमधून थांबवत तीच कृती स्वतः करतो. संहिता विषय न जाणणाऱ्या व्यक्तीकडूनही तपासून घेतली जाते. पडद्यावरील इंग्रजी चित्र तसेच ठेवून केवळ निवेदन मराठीसह अन्य भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले जाते. नोकरीच्या ठिकाणी बहुधा इंग्रजी मेनूच वापरावे लागत असल्याने, मातृभाषेतून शिकतानाच त्यांची ओळख होते.

मर्यादा

प्रणालीची नवी आवृत्ती आल्यावर बटणांची नावे व जागा बदलतात आणि स्क्रीनकास्ट कालबाह्य होतो. लहान पाठ आणि जतन केलेली संहिता यांमुळे केवळ बदललेला भाग पुन्हा मुद्रित करता येतो.