पाणी गेलं कुठे?

मे महिन्यात मुंबईहून पुण्याला निघालेली फियाट खोपोलीत थांबली नाही, असं एकेकाळी सहसा होत नसे. माणसांना चहा-वडा हवा असे आणि गाडीला पाणी. खोपोली ते खंडाळा हा रस्ता थोडक्या अंतरात सुमारे पाचशे मीटर वर चढतो. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तो बैलगाड्या आणि टांग्यांचा काळ. पुढे त्याच डोंगरावर मोटारींची कसोटी लागू लागली. भरलेल्या ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना इंजिन जोरात फिरत असतं, पण समोरून वारा येत नाही. काटा लालकडे सरकायचा, बॉनेटच्या फटीतून वाफ निघायची आणि गाडी शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी कडेला लागायची.

मोटार जन्मली तीच तहानलेली. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत पाणी उकळून त्याची वाफ होऊन जाणं हीच इंजिन थंड ठेवायची रीत होती. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेवर त्यांना जागोजागी पाणी भरत जावं लागलं. खरा तोडगा काढला विल्हेल्म मायबाख यांनी. १९०० साल संपता संपता तयार झालेल्या मर्सिडीजसाठी त्यांनी आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडून रेडिएटर बनवला, मागे पंखा लावला, आणि नऊ लिटर पाण्यात काम भागू लागलं.

पुढची मोठी सुधारणा म्हणजे स्प्रिंगचं झाकण. पाण्यावर दर चौरस इंचाला एका पौंडाचा दाब वाढला, की उकळण्याचं तापमान साधारण दीड अंशाने वर जातं. म्हणून दाबाखालचं पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही. धोका आहे तोही इथेच. गरम गाडीचं झाकण उघडलं, की दाब क्षणात उतरतो आणि तेच पाणी उसळून अंगावर येतं. जाणता ड्रायव्हर आधी वाट पाहायचा. मग झाकणावर ओलं फडकं दाबून पाव फेरा फिरवायचा, फुसफुस पूर्ण थांबू द्यायचा आणि तोंड बाजूला ठेवूनच झाकण काढायचा. त्यानंतरही पाणी ओतायचं ते इंजिन चालू ठेवून आणि बारीक धारेने. तापलेल्या ओतीव लोखंडावर एकदम गार पाणी पडलं, तर ब्लॉकला तडा जातो.

आपल्याकडे या विद्येची शाळा भरली ती दोन गाड्यांवर. उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, खाली लोखंडी ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. तापलं की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गाडी एकदा बेदम तापू दिली, तर हेड वाकायचं आणि मधलं गॅस्केट उडायचं. म्हणून फियाटवर हात बसलेल्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न असायचा, ‘तापल्यावर किती चालवली?’

दुसरा प्रश्न पाण्याचा. पाणी कमी होतंय ना, मग ते जातंय कुठे? बाहेर गळत असेल तर माग सापडतो. होजच्या क्लिपपाशी पांढरट-तांबूस डाग दिसतो. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून थेंब सुटतो. हीटर असलेल्या गाडीत पायाखालची चटई ओली लागते. जमिनीवर थेंबही नाही आणि तरी पाणी आटतंय, तर डिपस्टिक काढायची. दूध घातलेल्या चहासारखं ऑइल दिसलं, की पाणी ऑइलमध्ये उतरलं. तेही नसेल, तर झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करायचं आणि रेडिएटरच्या तोंडात पाहायचं. बुडबुडे थांबतच नसतील तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. मागे सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर शंकेला जागा उरत नाही.

पाणी पूर्ण असूनही गाडी तापते, ती गोष्ट वेगळी. तिथे सैल पट्टा, बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट किंवा आतून गंजाने बुजलेला रेडिएटर, असा शोध घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं विहिरीचं, बोअरचं, मिळेल ते पाणी प्यायलेल्या गाड्यांना हा शेवटचा आजार हमखास व्हायचा.

रेडिएटरवाल्याचा धंदा त्यावरच उभा राहिला. काढून आणलेल्या रेडिएटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, तो पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि आत हवा सोडायची. बुडबुडा जिथून उठेल तिथे खूण. मग ती जागा घासून, ॲसिडने साफ करून डाख द्यायचा. तांबं-पितळेचा रेडिएटर असा कितीदाही जगवता येई. घाटात मात्र डाख कुठला मिळायला? तिथे ड्रायव्हर हळदीची पुडी रेडिएटरमध्ये रिकामी करत. पूड बारीक छिद्रात जाऊन बसे आणि गाडी घरी पोचे. या उपायाला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. बाजारातल्या गळतीबंद पावडरी याच तत्त्वावर चालतात, आणि दोन्हींचा दोषही एकच: त्या चांगल्या नळ्याही बुजवतात.

१९८३च्या अखेरीस मारुती ८०० आली. विजेचा पंखा आणि पाणी परत ओढून घेणारी बाटली घरोघर पोचली. हळूहळू नळाच्या पाण्याची जागा गंजरोधक कूलंटने घेतली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खोपोलीतला मुक्काम ऐच्छिक झाला. प्लॅस्टिकच्या टाक्यांचे ॲल्युमिनियम रेडिएटर आले. त्यांना डाख लागत नाही, फुटले की बदलायचे.

जुनी फियाट जपणाऱ्यांना आता हातपंपाचा प्रेशर टेस्टर मिळतो. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी तो बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला तर टॉर्च घेऊन ओल शोधायची. ओल सापडली नाही, तर इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावणातून ओढायची. द्रावण पिवळं पडलं, की हेड उतरवायच्या तयारीला लागावं.