चित्रा झडप: चौथ्या प्रयत्नाचा इतिहास

१/ मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर हृदयाची झडप वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते व मिटते. हे काम करणारी कृत्रिम झडप भारतात आणि स्वस्तात कशी घडली, त्याचा हा #थ्रेड.

२/ घशाच्या साध्या संसर्गानंतर काही मुलांना संधिवातज्वर होतो. ताप उतरतो, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. दाट वस्तीत, गरिबीत वाढणाऱ्या मुलांना हा रोग अधिक गाठतो. उपाय होता, परंतु झडप परदेशातून येई आणि तिची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असे.

३/ १९७४ मध्ये शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन तिरुवनंतपुरमला आले. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत त्यांनी डॉक्टर आणि अभियंते यांना एकत्र आणले. त्रावणकोर राजघराण्याच्या सॅटेलमंड राजवाड्यात प्रयोगशाळा उभी राहिली.

४/ रचना ठरली ती कलत्या चकतीची: धातूच्या चौकटीत एक गोल चकती, रक्ताच्या दाबाने कलणारी व पुन्हा मिटणारी. कल्पना सोपी, पण पदार्थ कोणता वापरायचा?

५/ पहिले तीन नमुने बाद झाले. त्यांत नीलम स्फटिकाची चकतीही आजमावली गेली. एवढा कठीण पदार्थ वापरूनही टिकाऊ झडप साधली नाही.

६/ चौथ्या नमुन्यात चकती आली ती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची. चौकट कोबाल्टयुक्त मिश्रधातूची, शिवणकडे पॉलिएस्टरचे. यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडमीट आणि मेंढ्यांवरील चाचण्या या कसोट्यांना ती उतरली.

७/ डिसेंबर १९९० मध्ये ही झडप प्रथम मानवी हृदयात बसवली गेली. पुढे टीटीके उद्योगसमूहाने तिचे उत्पादन हाती घेतले. आयात झडपेपेक्षा बरीच स्वस्त असलेली ही झडप आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवली गेली आहे.

८/ मर्यादाही नोंदवायला हवी. अशी झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त न गोठू देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. त्यासाठी नियमित रक्ततपासणीही लागते. झडप स्वस्त झाली, तरी हा खर्च उरतोच.

९/ तरीही या इतिहासाने एक समज खोटा ठरवला: स्वस्त म्हणजे दुय्यम. येथे किंमत उतरली ती कसोटी सैल करून नव्हे. तीन नमुने नाकारण्याचे धैर्य आधी दाखवावे लागले. (समाप्त)