जुन्या नाटकांच्या प्रथमावृत्त्या व त्यांवरील हस्ताक्षरे

आपल्या ज्ञातीतील कुटुंबे वंशावळ जपतात, कुलदैवताचा टाक जपतात, वडिलार्जित शेताचे कागद तर प्राणापलीकडे जपतात. मात्र माळ्यावरच्या पेटीत पडलेल्या नाटकांच्या पुस्तकांना कोणी कागदपत्र मानीत नाही. चांदूर बाजारात दिवाळीच्या साफसफाईत अशी पुस्तके वजनावर जातात व त्यांच्या पानांत फुटाणे बांधलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय निवडला.

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले तेव्हा नाटक ही पाहावयाची गोष्ट होती, वाचावयाची नव्हे. जोतीराव फुले यांचे 1855 सालचे 'तृतीय रत्न' तर हस्तलिखितातच राहिले व 1979 मध्ये छापले गेले. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' 1861 मध्ये छापून निघाले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि पुढे संगीत नाटकाचे वेड घरोघर शिरले. पुस्तक घेणे न परवडणारा प्रेक्षक निदान पदांची छोटी पुस्तिका तरी घेई. या पुस्तिका मूळ नाटकाहूनही आज दुर्मिळ झाल्या आहेत, कारण त्या जपण्यासारख्या कोणालाच वाटल्या नाहीत.

आपले वऱ्हाड यात मागे नव्हते. 1905 मध्ये मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' व 1927 मध्ये रंगभूमीवर आलेले 'रणदुंदुभी' ही नाटके लिहिणारे वीर वामनराव जोशीही अमरावतीचेच. आमच्या गावास आगगाडी लाभली ती या शतकात, नरखेड-अमरावती मार्ग झाल्यावर. (बाहेरगावचे लोक आजही आमच्या गावास चांदूर रेल्वे समजतात, तो भाग निराळा.) त्यापूर्वीच्या काळात अमरावतीस नाटक पाहून परतणाऱ्याच्या गाठोड्यातून एखादे पुस्तक गावात येई. जवळच्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज तर दृष्टी नसताना इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत. अशा मुलखात पुस्तक रद्दीत जावे याचे आम्हांस विशेष वाईट वाटते.

आता हस्ताक्षराविषयी. पुस्तकावर तीन प्रकारचे लेखन आढळते. ग्रंथकर्त्याने आप्तमित्रास 'सप्रेम भेट' म्हणून लिहून दिलेली ओळ सर्वांत मोलाची. चोरून छापलेल्या प्रती ओळखता याव्यात म्हणून काही ग्रंथकर्ते प्रत्येक प्रतीवर सही वा शिक्का करीत. ती सही खरी असली तरी भेटीची नव्हे, हा भेद ध्यानी ठेवावा. तिसरे म्हणजे मालकाचे नाव, गाव व तारीख. संग्राहक याकडे दुर्लक्ष करतात, पण आमच्या मते घराण्याच्या इतिहासास हेच अधिक उपयोगी. 'कीचकवध' या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या नाटकावर 1910 मध्ये सरकारने बंदी घातली. त्याच्या आधीच्या छापील प्रतीवर एखाद्या आजोबांचे नाव व साल असेल, तर ती प्रत जप्तीच्या काळात त्या घरात टिकली असण्याचा संभव आहे. एवढी बातमी कोणत्याही वंशावळीत मिळत नाही.

भेटीचे लेखन किती मोलाचे ठरते याचा दाखला इंग्रजांकडे आहे. बेन जॉन्सन याने आपल्या 'वॉल्पोनी' नाटकाची 1607 सालची प्रत जॉन फ्लोरिओ या विद्वानास स्नेहाचे चार शब्द लिहून दिली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्या दोघांच्या मैत्रीचा तो हस्तलिखित पुरावा होय. शेक्सपिअरच्या एकत्रित नाटकांचा ग्रंथ मात्र तो वारल्यानंतर सात वर्षांनी, 1623 मध्ये निघाला. त्यावर त्याची सही असणे शक्यच नाही.

हीच कसोटी आपल्याकडे लावावी. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे वारले. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग त्यानंतर, फेब्रुवारीत बडोद्यास झाला. तेव्हा 'भावबंधन' किंवा 'राजसंन्यास' यांच्या छापील प्रतीवर गडकऱ्यांची सही दाखवून कोणी किंमत मागू लागला, तर त्यास हात जोडून वाटेला लावावे. गोविंद बल्लाळ देवल 1916 मध्ये निवर्तले आणि बॉलपेन बाजारात आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. बॉलपेनने केलेली देवलांची सही कोणाची असेल, हे वाचकांनीच ठरवावे. मुखपृष्ठावर केवळ शक असेल तर त्यात 78 मिळवावे म्हणजे बहुधा इसवी सन येते. हाताने लिहिलेली तारीख छापील सालाच्या आधीची असेल तर शंका घ्यावी. 'प्रथमावृत्ती' हा शब्द नसेल तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' पाहावी. 1800 ते 1937 पर्यंतच्या छापील पुस्तकांची ती यादी 1943 मध्ये निघाली व तीवाचून या विषयात पाऊल टाकता येत नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र अज्ञानाने होते. जुन्या पिढीतील अनेक जण कोऱ्या पानावर मोडीत लिहीत. 1950 नंतर मोडी शाळांतून मागे पडली आणि नातवंडांना ती अक्षरे म्हणजे मुलांनी केलेल्या रेघोट्या वाटू लागल्या. पुस्तक नवे दिसावे म्हणून असे पान फाडून त्यास नवीन पुठ्ठा बांधणारी मंडळी आम्हांस ठाऊक आहेत. पान सुटले असल्यास ते त्याच पुस्तकात ठेवावे, चिकटपट्टी लावू नये, शाई पुसट असली तरी तिच्यावरून पुन्हा गिरवू नये. उन्हात न वाळवता सावलीत वारा द्यावा व कडुनिंबाचा वाळलेला पाला पेटीत घालावा.

ज्या कुटुंबांकडे 1947 पूर्वीचे नाटकाचे पुस्तक असेल, त्यांनी मुखपृष्ठ, कोरी पाने व मलपृष्ठ यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. मोडी वाचणारे गृहस्थ अमरावतीस अद्याप आहेत. पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जाण्यास आम्ही सोबत येऊ.