गोव्याचे मेस्त्र

वाद्यवृंद म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वादक येतात. कोणी व्हायोलिन छातीशीं धरलेलें, कोणी सनई ओठांशीं लावलेली, कोणी ढोलावर टिपरी उगारलेली. परंतु या मंडळींना एकत्र आणणारा, त्यांच्याकडून महिनोन्‌महिने तयारी करून घेणारा, वाद्यें दुरुस्त करून ठेवणारा आणि खर्चाची तोंडमिळवणी करणारा जो गृहस्थ असतो, त्याची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. त्यांतून वाद्यवृंद मुलांचा असला म्हणजे चालकाचें काम दुप्पट अवघड होतें. आज वाजवूं लागलेला मुलगा चार वर्षांनीं पोटामागें निघून जातो, आणि चालकाला पुन्हां पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागतो. असें काम एका प्रांतानें एक-दोन वर्षें नव्हे, सुमारें चारशें वर्षें कसें चालविलें, हें आज आपल्याला पाहावयाचें आहे. तो प्रांत म्हणजे आपला शेजारी गोवा, आणि तें काम करणारा मनुष्य म्हणजे तेथील चर्चचा मेस्त्र.

मुंबईहून मडगांवास जाणारी कोकण रेल्वे महाड तालुक्यांतील वीर गांवावरून जाते. या मार्गाचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ सालीं सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध मार्ग खुला झाला. वीर, महाड, पोलादपूर या मुलुखांत शिमग्याच्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी निघते, तेव्हां तिच्यापुढें वाजंत्री चालतात. कोकणांत ज्याला खालू बाजा म्हणतात, त्यांत सनई, ढोल आणि त्यांच्या जोडीचीं लहान वाद्यें असतात. या ताफ्याला शाळा नसते, वही नसते. दहा वर्षांचा पोर बापाच्या किंवा चुलत्याच्या मागें झांज घेऊन चालूं लागतो, आणि ऐकतां ऐकतां वाजवूं लागतो. ही कानांची विद्या आहे. ती मोलाची आहे. परंतु ती ज्या गांवांत, ज्या घरांत असते, तेथेंच बहुधा राहते. तीच आगगाडी दक्षिणेस मडगांवापर्यंत गेली कीं त्याच कोकणपट्टींत एक निराळी रीत दिसते. तेथें मुलगा आधीं स्वर वाचावयास शिके, आणि मग वाद्याला हात लावी.

या रीतीचा उगम सोळाव्या शतकांत आहे. १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें शहर घेतलें. १५४२ सालीं फ्रान्सिस झेवियर तेथें आला, आणि १५४५ च्या सुमारास चर्चला जोडून मुलांच्या शाळा काढण्याचें धोरण ठरलें. या शाळांत अक्षरओळख, धर्माचे पाठ आणि संगीत हे तिन्ही विषय एकत्र चालत. संगीताची आवड म्हणून कोणी ही योजना आंखली नव्हती. चर्चमधील उपासना गाण्यावांचून होत नाहीं, आणि युरोपांतून गायक-वादक आणणें परवडण्याजोगें नव्हतें. म्हणून स्थानिक मुलांनाच तयार करणें भाग होतें. नव्या धर्माकडे लोकांचें मन ओढण्याचें साधन म्हणूनही संगीताचा उपयोग राज्यकर्त्यांना दिसत होता.

येथें एक गोष्ट झांकून ठेवतां येणार नाहीं. ज्या सत्तेनें गोव्याच्या मुलांच्या हातीं व्हायोलिन दिलें, तिनेंच त्यांच्या आजीच्या ओव्या बंद करण्याचा प्रयत्न केला. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन बसलें. १६८४ सालीं कोंकणी भाषा सोडून पोर्तुगीज धरावी असें फर्मान निघालें. आणि १७३६ सालच्या जाहीरनाम्यानें लग्नसमारंभांतील जुन्या चालीरीतींवर व गाण्यांवर बंदी घातली. म्हणजे गोव्याच्या मुलांचें हें संगीत केवळ प्रेमाचें देणें नव्हे. त्याच्या मुळाशीं सक्ती आहे. मग त्या शाळेंतील मेस्त्राकडे आपण कसें पाहावें? परक्या सत्तेचा हस्तक म्हणून, कीं गांवाचा शिक्षक म्हणून? याचें उत्तर तो काय करीत असे हें पाहिल्यावांचून देतां येणार नाहीं.

मेस्त्र हा शब्द पोर्तुगीज भाषेंतला, अर्थ गुरुजी. तो बहुधा त्याच गांवचा किंवा शेजारच्या गांवचा असे, आणि स्वतः अशाच एखाद्या शाळेंतून शिकलेला असे. पाद्री बदलत, परंतु मेस्त्र वर्षानुवर्षें तोच राही. मुलांना प्रथम तो वाद्य देत नसे. हातानें ताल मोजीत स्वरांचीं नांवें गळ्यानें म्हणावयाची, याला सोल्फेज म्हणतात. आपल्याकडे जसें सा रे ग म, तसें तेथें दो रे मी फा. पांच रेषांवर मांडलेले स्वर पाहतांक्षणींच गळ्यांतून निघूं लागले, म्हणजे मग व्हायोलिन हातीं येई. ज्याचा कान चांगला पण गळा बेताचा, तो वादकांत जाई. ज्याचा गळा गोड, तो गायकांत. मोठीं झालेलीं मुलें लहानांना शिकवीत. अशा रीतीनें एका मनुष्याला अनेक मुलांचा वर्ग सांभाळतां येई.

शिकविणें हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. चर्चमधील ऑर्गन तोच वाजवी. छापील स्वरपुस्तकें महाग व दुर्मिळ, म्हणून प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र भाग तो रात्रीं बसून हातानें उतरवी. नाताळ, गांवच्या संताचा उत्सव, लग्नें, प्रेतयात्रा, या सर्व प्रसंगीं वादक व गायक वेळेवर उभे करणें ही त्याची जबाबदारी. विशेष कसोटी उपासकाळांत लागे. ख्रिस्ताच्या यातनांच्या मिरवणुकींत मोतेत नांवाचीं लॅटिन गीतें व्हायोलिनांच्या साथीवर गाण्याचा गोव्यांत प्रघात आहे. त्यांची तयारी कित्येक आठवडे आधीं सुरू होते. अनेक मेस्त्रांनीं अशीं गीतें स्वतः रचलीं. त्यांपैकीं कित्येकांच्या वह्या वाळवीनें खाल्ल्या आणि रचनाकाराचें नांवही त्यांबरोबर गेलें.

आतां पैशाचा प्रश्न. गोव्यांत गांवकरी नांवाची फार जुनी ग्रामसंस्था आहे. गांवची सामाईक जमीन तिच्याकडे असे. पूर्वीं त्या जमिनीच्या उत्पन्नांतून देवळाचा खर्च चाले. धर्म बदलला तेथें त्याच उत्पन्नांतून चर्चचा खर्च चालूं लागला. मेस्त्राचा निर्वाह या व्यवस्थेवर, तसेंच लग्न-मर्तिकांच्या प्राप्तीवर होई. मिळकत तुटपुंजी होती, परंतु गांवांत मान होता. मला वाटतें, या संस्थेच्या दीर्घायुष्याचें खरें रहस्य येथें आहे. तिचा चालक एखाद्या श्रीमंताच्या लहरीवर अवलंबून नव्हता. गांव होतें, शेत होतें, चर्च होतें. तोंपर्यंत मेस्त्र होता.

या गोष्टीचें महत्त्व आपल्याकडील दोन उदाहरणांशीं ताडून पाहिलें असतां स्पष्ट होतें. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढली, आणि मुलांना स्वरलेखनाच्या साहाय्यानें शिकविण्यास आरंभ केला. तिच्या पाठीशीं संस्थानचा खजिना होता, म्हणून ती टिकली, आणि पुढें बडोद्याच्या विद्यापीठांत तिला स्थान मिळालें. उलट पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, तें लोकांच्या वर्गण्या व स्वतःच्या जलशांचें उत्पन्न यांच्या बळावर. १९०८ सालीं ते मुंबईस आले, मोठी इमारत बांधली, विद्यार्थ्यांना घरीं ठेवून शिकविलें. परंतु कर्ज अंगावर आलें आणि ती इमारत लिलावांत गेली. १९३१ सालीं पंडितजी वारले. त्यांचें कार्य त्यांच्या शिष्यांनीं पुढें नेलें, कारण त्यांनीं नुसते गायक नव्हे तर शिक्षक तयार केले होते. इमारत गेली तरी चालेल, पण पुढचा चालक तयार पाहिजे, ही गोष्ट गोव्याचा मेस्त्र आणि मिरजेचा हा गायनाचार्य दोघांनाही ठाऊक होती.

मेस्त्रांच्या हाताखालून निघालेलीं मुलें कोठें गेलीं? घरंदाज भाटकाराच्या घरीं संगीत ही शोभेची वस्तु होती. गरीब कुळाच्या मुलाला मात्र ती भाकरी होती. ब्रिटिश हिंदुस्थानांतील लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, आगबोटी, मुंबईचीं हॉटेलें, मुक्या चित्रपटांचीं थिएटरें, जेथें जेथें लिहिलेले स्वर पाहून वाजविणारा मनुष्य हवा असे, तेथें तेथें गोंवेकर दिसे. १९३१ सालीं बोलपट आला आणि हें क्षेत्र एकदम वाढलें. आपल्या संगीत-दिग्दर्शकाला चाल सुचे, परंतु चाळीस वादकांनीं एकाच वेळीं निरनिराळे भाग कसे वाजवावे हें कागदावर मांडणारा कोणी तरी लागे. तें काम गोव्याच्या मुलांनीं केलें. रेइश मागूशचे सेबास्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना वर्षानुवर्षें केली. हळदोण्याच्या आंतोनियु शावियेर वाझ यांना मुंबईनें चिक चॉकलेट या नांवानें ओळखलें.

या मालिकेंतील एक चरित्र विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अँथनी गोन्सालव्हिस यांचा जन्म १९२७ सालीं माजोर्ड्याचा. वडील तेथील चर्चमध्यें गायकवृंदाचे चालक. मुलगा त्यांच्याच हाताखालीं तयार झाला, आणि १९४३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, मुंबईस येऊन नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागला. पुढें त्यांनीं स्वतः शिष्य तयार केले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांपैकींच. १९५८ सालीं त्यांनीं मुंबईंत एक मोठा वाद्यवृंद उभा करून भारतीय राग व पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम घडविण्याचा प्रयत्न केला. लता मंगेशकर व मन्ना डे यांनीं त्यांत भाग घेतला. त्या प्रयत्नाला कायमचा आधार मात्र मिळाला नाहीं, आणि १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले. १९७७ सालीं त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं लक्ष्मीकांत यांच्यासह ज्या चित्रपटाला संगीत दिलें, त्यांतील एका विनोदी गाण्यांत गुरूचें नांव गुंफलें गेलें. तें गाणें घरोघर झालें. तें नांव खऱ्या मनुष्याचें आहे हें फार थोड्यांना माहीत होतें. चालकाच्या वांट्याला येणाऱ्या कीर्तीचा हा मासला आहे.

मुंबईंत राहून याच जातीचें कार्य करणारे दुसरे गृहस्थ म्हणजे मेहली मेहता. १९३५ सालीं त्यांनीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. त्यांत गोंवेकर वादकांचा मोठा आधार होता. पुढें परदेशीं जाऊन १९६४ सालीं लॉस एंजेलिस येथें त्यांनीं तरुणांचा अमेरिकन यूथ सिंफनी हा वाद्यवृंद काढला, आणि तीन दशकांहून अधिक काळ स्वतः चालविला. २००२ सालीं ते वारले. २०२४ सालीं ती संस्थाही बंद झाली. जगांतील एका अतिश्रीमंत नगरींतली संस्था साठ वर्षांत थांबते, आणि भातशेतीच्या उत्पन्नावर चाललेली खेड्यांतली पद्धत शतकानुशतकें टिकते, हें विचार करण्यासारखें आहे.

ती पद्धतही अखेर क्षीण झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. गांवोगांव सरकारी व खाजगी शाळा निघाल्या, आणि मुलांना चर्चच्या शाळेवांचून शिक्षणाची वाट खुली झाली. ही इष्टच गोष्ट होती. परंतु नव्या शाळेच्या वेळापत्रकांत सोल्फेजला जागा नव्हती. तत्पूर्वीं १९५२ सालीं आंतोनियु द फिगैरेदु यांनीं पणजींत संगीताची अकादमी काढून वाद्यवृंदही उभारला होता. पुढें ती परंपरा कला अकादमीनें आपल्याकडे घेतली. पण पणजींतील अकादमी म्हणजे प्रत्येक गांवांतील मेस्त्र नव्हे. ज्या मुलाला पणजीस जाण्याचें भाडें परवडत नाहीं, त्याच्यासाठीं दार बंद झालें. हें ध्यानांत घेऊन २००९ सालीं डॉ. लुईस डायस यांनीं चाइल्ड्‌स प्ले ही संस्था काढली, आणि वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो वगैरे वाद्यें विनामूल्य शिकविण्याचा उपक्रम हातीं घेतला. व्हेनेझुएलांत १९७५ सालीं होसे आंतोनियो आब्रेऊ यांनीं गरीब मुलांच्या वाद्यवृंदांची जी चळवळ सुरू केली, तिची प्रेरणा या उपक्रमामागें आहे. परंतु गोव्याला ही कल्पना परकी नव्हती. तिचाच जुना मेस्त्र नव्या वेषांत परत आला, असें म्हणतां येईल. फरक इतकाच कीं, आतां शिकण्याला धर्माची अट नाहीं आणि मुलींना मुलांइतकीच जागा आहे.

मघांशीं आपण विचारलें होतें कीं, मेस्त्र हा परक्या सत्तेचा हस्तक कीं गांवाचा शिक्षक? याचें उत्तर मला मांडो या गीतप्रकारांत दिसतें. एकोणिसाव्या शतकांत लोटली, कुडतरी, बाणावली या भागांत तो बहरला. त्याची भाषा कोंकणी, जिला मोडण्याचें फर्मान निघालें होतें तीच. त्याच्या साथीला मेस्त्रानें शिकविलेलें व्हायोलिन आहे, आणि त्या व्हायोलिनाशेजारीं घुमट आहे. तेंच मातीचें घुमट, जें गोव्याच्या देवळांत आरतीच्या वेळीं वाजतें. चर्चनें मुलांना लॅटिन गाण्यासाठीं स्वर शिकविले. त्या मुलांनीं त्याच स्वरांत आपल्या आईच्या भाषेंतलें सुखदुःख मांडलें. विद्या देणाऱ्याचा हेतु कांहींही असो, ती एकदां शिकणाऱ्याच्या हातीं आली म्हणजे त्याची होते. मेस्त्रानें ती निष्ठेनें हातीं दिली, म्हणून तो गांवाचा शिक्षकच ठरतो.

आज आपल्या शहरांतून आणि गांवांतून मुलांचीं वाद्यपथकें निघत आहेत. त्यांच्यासाठीं वर्गणी गोळा करतांना आपण ढोल किती घ्यावे आणि पोशाख कोणत्या रंगाचा असावा याची चर्चा करतों. गोव्याचा इतिहास सांगतो कीं, आधीं शिकविणाऱ्याच्या निर्वाहाची सोय करावी. स्वर लिहून ठेवण्याची संवय लावावी. आणि दोन-चार मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक करावें. एवढें झालें तर वीरच्या पालखीपुढचा खालू बाजाही पुढच्या पिढीच्या कानीं पडत राहील, आणि तो वाजविणाऱ्या मुलांना तो शिकविणाऱ्याचें नांवही ठाऊक असेल.