मेंदूचा मुका मार : पहिला बरा होण्याआधी दुसरा नको

नांदेड/लातूर : कबड्डीत पकड करताना दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात. एकजण क्षणभर भांबावतो, कपाळावरची माती झटकतो आणि पुढच्या चढाईला पुन्हा उभा राहतो. रक्त नाही, टेंगूळ नाही, त्यामुळे 'काही झाले नाही' असे खेळाडू, प्रशिक्षक आणि पालक सारेच गृहीत धरतात. हाच समज घातक ठरू शकतो. पहिल्या मारातून मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा बसला, तर परिणाम दोन्ही मारांच्या बेरजेहून कितीतरी गंभीर होऊ शकतो.

वैद्यकशास्त्र या दुखापतीला 'कन्कशन' म्हणते. मेंदूला बसलेला मुका मार म्हटले, की आपल्याकडे ती चटकन समजते. डोके आपटल्याने किंवा शरीराला बसलेल्या जोरदार हिसक्यानेही कवटीतील मेंदू हिंदकळतो. त्याच्या पेशींमधील क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी मेंदूला जादा ऊर्जा लागते. पण नेमका त्याच काळात रक्तपुरवठा मंदावलेला असतो. डोकेदुखी, भोवळ, मळमळ, उजेड सहन न होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, चिडचिड ही त्याची लक्षणे होत. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेकांची ती हरपतही नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा हाडाची मोड शोधण्यासाठी असतो, कन्कशन त्यात दिसत नाही. 'स्कॅन नॉर्मल' आला म्हणजे खेळायला परवानगी मिळाली, असा अर्थ काढणे चूक होय.

या नाजूक काळात पुन्हा धक्का बसल्यास, तो किरकोळ असला तरी, मेंदूतील रक्तप्रवाहावरचे नियंत्रण सुटून काही मिनिटांत मेंदूला सूज येऊ शकते. १९८४ मध्ये अमेरिकेत या अवस्थेचे 'सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम' असे नामकरण झाले. ती दुर्मीळ आहे आणि तिच्या स्वरूपाविषयी तज्ज्ञांत मतभेदही आहेत. मात्र नोंदलेले रुग्ण प्रामुख्याने किशोरवयीन व तरुण खेळाडू आहेत आणि त्यांतील अनेक दगावले. कॅनडातील १७ वर्षांची रग्बीपटू रोवन स्ट्रिंगर हिला मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने डोक्याला मार बसले. आपल्याला कन्कशन झाले असावे, अशी शंका तिने मैत्रिणींना मोबाईलवरून कळवली होती. तरीही ती पुढचा सामना खेळली आणि त्यानंतर तिचा मृत्यू झाला. ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला.

लक्षणे उशिरा दिसतात, हेही ध्यानात घ्यावे. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरा येथे शेवटच्या षटकात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तो डाव संपेपर्यंत खेळला. चक्कर जाणवू लागली ती ड्रेसिंग रूममध्ये. त्याच्या जागी यजुवेंद्र चहलला उतरवता आले, कारण आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ऑगस्ट २०१९ पासून तशी सोय आहे. गावच्या संघाला अशी सोय कोठून असणार?

मराठवाड्यात धोका अधिक आहे तो इथेच. जत्रांच्या हंगामात, लोहा तालुक्यातील माळेगाव यात्रेपासून पुढे, पैलवान आज एका गावच्या फडात तर उद्या दुसऱ्या गावी उतरतो. इनाम बुडते म्हणून दुखणे लपवले जाते, आणि 'पैलवानाला असे होतच असते' हे वाक्य तर तयारच असते. दुसरा वर्ग विद्यार्थ्यांचा. 'नीट'च्या तयारीसाठी लातूर व नांदेडमध्ये हजारो मुले घरापासून दूर राहतात. दुचाकीवरून पडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शिकवणीला हजर होतो, रात्री जागतो आणि अभ्यास डोक्यात शिरत नाही म्हणून स्वतःलाच दोष देतो. त्याच्याकडे लक्ष ठेवणारे घरचे कोणी जवळ नसते.

पूर्वी अशा रुग्णाला अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस निजवून ठेवत. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झालेल्या तज्ज्ञ परिषदेने ते आवश्यक मानलेले नाही. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मोबाईल कमीत कमी, मग चालणे आणि थोडा थोडा अभ्यास. त्यानंतर धावणे, एकट्याचा सराव, डॉक्टरांच्या संमतीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस द्यावा. त्रास स्पष्टपणे वाढला तर मागे यावे. प्रौढांना साधारणतः दोन आठवडे, मुलांना महिनाभरही लागू शकतो. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी ठरलेल्या सूचनांनुसार २१ दिवसांपूर्वी स्पर्धेत उतरता येत नाही.

ज्या दिवशी मार बसला, त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. दुचाकीही चालवू नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, फीट, एक बाहुली मोठी दिसणे, हातापायांतील शक्ती जाणे, जागे करूनही नीट जाग न येणे किंवा नाका-कानातून रक्त वा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगवण्यात किंवा तोंडात पाणी ओतण्यात वेळ घालवू नये. किनवट, माहूरकडून नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात पोहोचायलाच काही तास लागतात, त्यामुळे रात्र काढून सकाळी पाहू, हा विचार अशा वेळी सोडावा.